तोंडाला पाणी सोडणारा चष्मा: सहा आठवडे आणि एक वजनकाटा

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. प्रकाश आणि आवाज यांच्या जोरावर लाळ वाढवतो असं सांगून विकला जाणारा हा चष्मा मी सहा आठवडे वापरला. रोज लाळ काट्यावर मोजली. ती वाढली नाही. एका परीने पाहिलं तर चष्म्याने ती कमीच केली. तरीही तो मी फेकून दिलेला नाही, त्याची गोष्ट पुढे येते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असे चष्मे बऱ्याच जणांनी काढलेत आणि नावं वेगळी असली तरी आतला माल थोड्याफार फरकाने एकच असतो.

मी आवाजाचं काम करते. डबिंग, माहितीपट, ध्वनिपुस्तकं. गेल्या वर्षी मानेतली नस दबली आणि डॉक्टरांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची गोळी दिली. दुखणं गेलं, पण तोंडाचं वाळवंट झालं. या गोळीचा तो ठरलेला दुष्परिणाम आहे. लाळग्रंथींना ‘सोडा पाणी’ असा निरोप ज्या रसायनामार्फत जातो, त्याचीच वाट ती अडवते. माझ्यासारख्या बाईला हे किती महागात पडतं ते माईकला विचारा. तोंड ओलं असलं की ओठ अलगद सुटतात. सुकलं की उरलेली थोडी लाळ चिकट होते आणि ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ सुटतानाच ‘चट्’ असा बारीक आवाज येतो. जीभ टाळूवरून निघताना आणखी एक. घरात बोलताना कुणाला जाणवणारही नाही, पण चांगला माईक तो अगदी इमाने इतबारे टिपतो. आमचा ध्वनिसंपादक एरवी फार शांत मुलगा. तोही एक दिवस हेडफोन काढून म्हणाला, “ताई, आज एका पानात अठ्ठावीस क्लिक आहेत. मी पुस्तक ऐकू की पॉपकॉर्न?”

गोळी बंद करता येत नव्हती. तशात ही जाहिरात समोर आली: ‘औषधाविना, स्पर्शाविना, फक्त प्रकाश आणि ध्वनी. कोरड्या तोंडावर नैसर्गिक उपाय.’ बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला चष्म्याचा वाटला.

खोक्यातून निघालं ते असं: पोहण्याच्या चष्म्यापेक्षा थोडा मोठा काळा चष्मा, आत प्रत्येक डोळ्यासमोर चार-चार पांढरे एलईडी, कानात घालायचे वायरवाले इअरफोन, आणि साबणाच्या वडीएवढा कंट्रोलर. डोळे मिटून बसायचं. दिवे ठरावीक वेगाने लुकलुकतात, कानात त्याच तालावर गुणगुण चालते. बारा कार्यक्रम आहेत. सातव्याचं नाव ‘पचन व लाळ’, वेळ वीस मिनिटं. सोबतच्या माहितीपत्रकात मेंदूचं रंगीत चित्र. त्यातून निळे बाण निघून सरळ गालात शिरलेत.

पहिल्या बैठकीचा अनुभव मजेदार आहे, तेवढं श्रेय देते. पापण्या मिटल्या तरी उजेड आत येतोच आणि पापणीतल्या रक्तामुळे तो तांबडा होऊन येतो. सेकंदाला दहा वेळा लुकलुकायला लागल्यावर त्या तांबड्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला लागली. मग चक्रं, मग तिरके पट्टे. दिवे पांढरे असूनही मला अधूनमधून हिरवं-जांभळं दिसत होतं. हे सगळं आपला मेंदूच रचतो. वीस मिनिटांनी चष्मा काढला तेव्हा खांदे सैल पडले होते आणि तोंडही ओलं वाटत होतं.

वाटत होतं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण या शब्दाशी आहे.

माझी एक जुनी मैत्रीण दंतवैद्य आहे. तिला मोठ्या उत्साहाने फोन केला. ती म्हणाली, “अगं, ओलं वाटणं वेगळं आणि ओलं असणं वेगळं. तोंड कोरडं पडल्याची तक्रार करणाऱ्या कित्येकांची लाळ मोजली तर ठीक निघते, आणि काहींची निम्म्यावर आलेली असते तरी त्यांना पत्ता नसतो. तू मोज.” मोजायची पद्धतही तिनेच सांगितली, आणि ती कुणालाही घरी जमेल अशी आहे. दीड तास आधीपासून काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत. रोज तीच वेळ धरायची, कारण लाळेलाही घड्याळ असतं: दुपार उलटल्यावर ती सगळ्यात जास्त वाहते आणि झोपेत जवळपास थांबते. एक घोट गिळून तोंड रिकामं करायचं, मान पुढे झुकवायची, ओठ किंचित उघडे ठेवायचे आणि पाच मिनिटं लाळ आपसूक पेल्यात ठिबकू द्यायची. चोखायची नाही, जीभ हलवायची नाही. मग पेल्याचं वजन करायचं. लाळेत जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं, त्यामुळे एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरलं तरी चालतं.

दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. एक वही घातली. घरच्यांनी आधी हसून घेतलं, मग सवय झाली. सकाळी साडेदहाला मी टेबलावर मान घालून पेल्यात लाळ गाळत बसलेली असे. नवरा फोनवर सांगायचा, “ती मीटिंगमध्ये आहे.”

अंदाज यावा म्हणून सांगते. विश्रांतीत, काही चघळत नसताना, निरोगी माणसाची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर वाहते. ०.१ च्या खाली गेली तर डॉक्टर ती कमी समजतात. दिवसाची बेरीज अर्धा ते दीड लिटर होते. चष्म्याविना, डोळे उघडे ठेवून, उजेडाच्या खोलीत मी चौदा वेळा मोजलं. पाच मिनिटांची सरासरी ०.९१ ग्रॅम आली, म्हणजे मिनिटाला ०.१८. आजारी म्हणण्याइतकं कमी नाही, पण माईकसमोर उभं राहायला पुरेसंही नाही.

आता चष्मा चढवला, पण दिवे आणि आवाज दोन्ही बंद ठेवले. म्हणजे नुसता अंधार. मान पुढे झुकवली की चष्मा नाकावरून घसरतो, म्हणून एका बोटाने तो धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हातात पेला. अशा अवतारात दहा वेळा मोजलं. सरासरी ०.६३. पहिल्यांदा वाटलं काटा बिघडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घाबरून मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग बरोबरच आहे की!” डोळ्यांवर पट्टी बांधली किंवा अंधारात बसवलं की माणसाची विश्रांतीतली लाळ ३० ते ४० टक्क्यांनी घटते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. माझी घट ३१ टक्क्यांची होती. त्याहून गंमत म्हणजे अंध माणसांची लाळ डोळसांपेक्षा कमी नसते. त्यांचं शरीर उजेडाविना जुळवून घेतं. आपल्यासारख्यांच्या ग्रंथींना मात्र डोळ्यांतून येणाऱ्या उजेडाची सवय असते, आणि तो एकदम काढून घेतला की त्या हात आखडता घेतात.

लाळ वाढवायला डोळ्यांवर काय बांधायचं, तर काळा चष्मा!

मग दिवे लावून, आवाज बंद ठेवून दहा वेळा मोजलं. बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सरासरी ०.८४ आली. कंपनी हाच आकडा उचलेल आणि म्हणेल, बघा, अंधारापेक्षा किती वाढली. वाढली खरी. पण चष्म्याने आधी खिशातून काढलं आणि मग त्यातलंच बरंचसं परत केलं, त्याला कमाई कोण म्हणेल? खिडकीशी उघड्या डोळ्यांनी बसले असते तर ०.९१ होतंच. फक्त आवाज, चष्मा कपाळावर: ०.९३. दोन्ही मिळून, म्हणजे कंपनीने सांगितल्याप्रमाणे अगदी साग्रसंगीत: ०.८६.

यावर कुणी शास्त्रज्ञ हसेल, आणि त्याने हसावंच. एकच बाई, घरचा काटा, आणि चष्मा लागलाय की नाही हे बाईला ठाऊक. शिवाय काहीही न करता एकाच स्थितीत माझे आकडे ०.७ पासून १.१५ पर्यंत झुलत होते. तेव्हा ०.९१ आणि ०.९३ मधल्या फरकाला मी काडीची किंमत देत नाही, ०.८६ लाही नाही. अंधाराचा आकडा मात्र इतका खाली होता की त्या दहांतला एकही ०.७५ च्या वर गेला नाही. वहीतली एवढी एकच गोष्ट मी छातीठोकपणे सांगेन.

आता माहितीपत्रकाबद्दल. त्यात एक वाक्य इतकं चलाख आहे की मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवून होते. ‘लाळग्रंथींची नस कानातून जाते, म्हणून योग्य ध्वनी तिला थेट जागं करतो.’ पहिलं अर्धं वाक्य खरं आहे! जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना हुकूम नेणारी बारीक नस, कॉर्डा टिंपनी, खरोखरच मधल्या कानातून, पडद्याच्या आतल्या बाजूने, कानातल्या चिमुकल्या हाडांमधून वाट काढत जाते. गालातल्या मोठ्या ग्रंथीची वायरही मधल्या कानाच्या भिंतीवरून जाते. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची चव बिघडते ती कॉर्डा टिंपनीच्या याच शेजारामुळे, कारण जिभेची चवही तीच नेते. पण वाटेत कान लागतो म्हणून नस ऐकत नाही. ऐकण्याची नस वेगळी, ती आतल्या कानातून निघते. मैत्रीण म्हणाली, “घरावरून विजेची तार गेली म्हणून घरातलं गाणं तारेत शिरतं का?”

दुसरी चलाखी जास्त पसरलेली आहे आणि म्हणून जास्त घातक. पत्रकात ‘प्रकाश-ध्वनीने लाळेत सिद्ध बदल’ असा मथळा आहे आणि खाली कॉर्टिसोल, अमायलेज, मेलाटोनिन यांची नावं. लाळेत ही रसायनं मोजतात, खरंच मोजतात. ताण वाढला की कॉर्टिसोल वाढतं, अंगातली धावपळीची यंत्रणा पेटली की अमायलेज चढतं. संध्याकाळी प्रखर दिवा डोळ्यांवर पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, दबतं, आणि झोपेचे अभ्यासक ते लाळेच्या नमुन्यावरूनच ओळखतात. म्हणजे उजेडाचा आणि आवाजाचा लाळेशी संबंध आहे, यात वाद नाही. पण लाळेत काय आहे आणि लाळ किती आहे हे दोन निराळे प्रश्न आहेत. विहिरीच्या पाण्याचा खारटपणा बदलला म्हणून विहीर भरली असं कुणी म्हणत नाही. मला बदललेली लाळ नको होती, जास्त लाळ हवी होती.

आवाजाबद्दल मला बोलायचा थोडा अधिकार आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. सातव्या कार्यक्रमात डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर आहे आणि उजव्या कानात २१० चा. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर सपाट, कंटाळवाणे. एकत्र ऐकले की डोक्याच्या मधोमध सेकंदाला दहा हेलकावे असलेली थरथर जाणवते. ती बाहेर हवेत कुठेच नसते. दोन कानांचा हिशेब मेंदू जुळवतो तिथे ती तयार होते. एक इअरफोन काढा, थरथर गायब. हे मी स्टुडिओतल्या चांगल्या हेडफोनवर तपासून पाहिलं, सूर नेमके आहेत. पण त्यावर ओढलेला पावसाचा आवाज भिकार आहे. दर बेचाळीस सेकंदांनी तोच थेंब त्याच पत्र्यावर पडतो. एकदा तो लक्षात आला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. मी पुढच्या थेंबाची वाट बघत बसायची. इअरफोनही स्वस्तातले, खालचे सूर खाऊन टाकणारे. आणि दहाव्या मिनिटाला ‘अर्धा वेळ झाला’ म्हणून एक कर्कश बीप वाजते. ती बंद करायची सोय नाही. दर वेळी मी दचकून गिळत असे, आणि गिळलेली लाळ पेल्यात येत नाही.

कंपनाचा उल्लेखही पत्रकात आहे, फक्त तो चुकीच्या जागी आहे. जपानमधल्या संशोधकांनी गालावर, ग्रंथींच्या वर, सेकंदाला ८९ वेळा थरथरणारं छोटं यंत्र टेकवून लाळ वाढते का ते पाहिलं आणि ती वाढल्याचं नोंदवलं. पण तिथे यंत्र चामडीला टेकवलेलं होतं. तो स्पर्श झाला, कानाने ऐकायचा आवाज नव्हे. तरी मी एकदा मोबाइलवर ८९ हर्ट्झचा सूर लावून इअरफोन गालावर दाबून पाहिला. गुदगुल्या झाल्या, हसू आलं, पेला सांडला. वहीत त्या दिवशी नुसती फुली आहे.

या सगळ्यात कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग करणारा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यायचाच. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने मला फोनवर अगदी प्रेमाने समजावलं, “मॅडम, पावलोव्हच्या कुत्र्यांना नुसत्या घंटेने लाळ सुटायची, तेच हे तत्त्व.” पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या कामासाठी. त्याच्या कुत्र्यांच्या लाळेची नळी शस्त्रक्रियेने गालाबाहेर काढलेली असे, म्हणून थेंब मोजता येत. घंटेपेक्षा तो मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टकटक करणारं यंत्र, जास्त वापरायचा, आणि दिवेही वापरायचा. पण मुद्दा असा की त्या टकटकीत काही जादू नव्हती. टकटक झाली की खाणं येतं, हे कुत्र्याने शिकलेलं असायचं. मागोमाग काहीच आलं नाही तर तीच टकटक हळूहळू निकामी होते. मग माझ्या चष्म्यामागून काय येतं? काहीच नाही. बीप.

तरी मला खुमखुमी आली. चौथ्या आठवड्यापासून दिवे बंद केले आणि कार्यक्रम संपताना वाजणारी गोड किणकिण तेवढी ठेवली. किणकिण झाली की लगेच जिभेवर आंबट गोळीचा तुकडा, सायट्रिक ॲसिडवाली. दिवसातून तीनदा, अडीच आठवडे. मग एका सकाळी गोळी न घेता नुसती किणकिण ऐकली आणि पेला धरला. काय सांगू, तोंड असं भरून आलं! जिभेखाली तळं साचल्यासारखं, गालाच्या आत, वरच्या दाढेसमोर जिथे ग्रंथीची नळी उघडते, तिथे बारीक कळ. मनात म्हटलं, आता दीड ग्रॅम कुठे गेला नाही. काट्यावर ठेवलं: ०.९८.

मी पेला दोनदा उचलून ठेवला. ०.९८. म्हणजे एरवीच्या झुल्यातलाच एक झोका. पुढच्या चार दिवसांचे आकडे ०.८८, १.०४, ०.९०, ०.९५. आणि चारही दिवस तोंड भरून आल्याची खात्री मात्र तशीच.

मैत्रीण म्हणाली की यात मी एकटी नाही. कुत्र्याला खाणं नुसतं दिसलं तरी धारा लागतात. माणसाचं तसं नाही. आपण खाण्याचा विचार करतो तेव्हा लाळ फारशी वाढत नाही, पण लक्ष तोंडाकडे जातं आणि आधीपासून तिथे असलेली लाळ एकदम जाणवते. ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा पाणी सुटलेलं नसतं, सापडलेलं असतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९१६ मध्ये गालातल्या नळीच्या तोंडावर छोटी चकती चिकटवून माणसाची लाळ थेंबाथेंबाने मोजली, तेव्हापासून ‘वाटतं’ आणि ‘असतं’ वेगळं करायची सोय आहे. चष्मा विकणाऱ्यांनी ती वापरलेली दिसत नाही.

याउलट ‘तोंडचं पाणी पळालं’ हा वाक्प्रचार मात्र शब्दशः खरा निघाला. धसका बसला की मेंदूच्या बुंध्यातल्या लाळेच्या केंद्रांवर वरून दाब येतो आणि नळ खरोखर बंद होतो. माझ्याकडे त्याचाही आकडा आहे. पाचव्या आठवड्यात एका मोठ्या कामाची निवडचाचणी होती, समोर सात माणसं बसणार होती. निघायच्या आधी मोजलं: ०.४४. इतका खालचा आकडा अंधारातसुद्धा आला नव्हता. मग पंधरा मिनिटं नुसता आवाज लावून बसले. सातवा कार्यक्रम नव्हे, तिसरा, ‘विश्राम’. त्यात पावसाचा पत्रा नाही, नुसती खालच्या पट्टीतली संथ गुणगुण आहे. पुन्हा मोजलं: ०.७९. एकदाच घडलेली गोष्ट आहे, कदाचित नुसतं पंधरा मिनिटं स्वस्थ बसून तेच झालं असतं. पण त्या दिवशी माझं वाचन स्वच्छ झालं आणि काम मिळालं. म्हणून इअरफोन आणि कंट्रोलर पर्समध्ये असतात, चष्मा घरी.

तक्रारींची यादी मोठी आहे, थोडक्यात उरकते. दिव्यांची प्रखरता कमी केली तरी यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा पूर्ण. नाकावरचा फोम तिसऱ्या आठवड्यात सुटला. चार्जिंगची पिन ढिली. ‘झोपण्यापूर्वी वापरा, रात्रीचा कोरडेपणा जाईल’ असं खोक्यावर छापलंय, आणि झोपेत लाळ जवळजवळ शून्यावर येते ती सगळ्यांचीच. झोपण्याआधीचं कुठलंही लुकलुकणं ते बदलणार नाही.

पण एक तक्रार थोडक्यात उरकण्यासारखी नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काही जणांना फिट येऊ शकते. सेकंदाला १५ ते २५ लुकलुकी सगळ्यात धोक्याच्या, पण धोका तीनपासून तीसपर्यंत कुठेही असतो, आणि आपण त्यातले आहोत हे अनेकांना पहिल्या फिटेपर्यंत ठाऊकच नसतं. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये सेकंदाला बाराच्या आसपास वेगाने लाल-निळे झोत दाखवले आणि सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. डोळे मिटले की वाचलो असंही नाही, मिटलेल्या पापणीतून उजेड सगळीकडून पसरून येतो. या चष्म्यात नववा कार्यक्रम १८ च्या वेगाने चालतो, आणि त्याबद्दलची सूचना आहे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. माझा लेक सोळा वर्षांचा आहे. त्याने माझ्या नकळत हा चष्मा लावून पाहिला होता. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून चष्मा कपाटात कुलपाआड आहे. घरात कुणाला फिट येत असेल, अर्धशिशी असेल, तर या वस्तूच्या वाटेला जाऊ नका.

मग तोंडाचं काय केलं? चघळलं. साखर नसलेला, चव नसलेला गम पाच मिनिटं चघळून त्याच पेल्यात मोजलं: ५.३ ग्रॅम. मिनिटाला एक मिलिलिटरच्या वर. इतके दिवस प्रकाश-ध्वनीच्या मागे धावून जे दशांशाने हललं नाही, ते जबडा हलवल्यावर जवळपास सहापट झालं. ग्रंथी माझ्या ठणठणीत आहेत, त्यांना फक्त हुकूम जोरात लागतो, आणि तो डोळ्यांतून नाही तर दाढांतून जातो. आता रेकॉर्डिंगच्या दहा मिनिटं आधी गम, प्रत्येक पानानंतर पाण्याचा एक घोट, आणि डॉक्टरांशी बोलून गोळीची मात्रा थोडी उतरवली. ज्यांना गम चघळूनही पेला भरत नाही त्यांनी चष्मा-बिष्मा न शोधता तपासणी करून घ्यावी, कारण मग दुखणं ग्रंथीतच असू शकतं. संपादक मुलाने परवा सांगितलं, पानाला सहा क्लिक. तो आता मला पॉपकॉर्न म्हणत नाही.

पैसे परत मागितले होते. उत्तर आलं की उपकरणाचा परिणाम ‘संवेदनशील वापरकर्त्यांना’ तीन आठवड्यांत आणि ‘इतरांना’ नव्वद दिवसांत जाणवतो, तेव्हा अजून वापरून पाहावं. शिवाय एक प्रश्नावली जोडली आहे. पहिला प्रश्न: ‘वापरानंतर तुमचं तोंड ओलं वाटतं का?’ मी वहीच्या अकरा पानांचे फोटो काढून ठेवलेत. आज रात्री पाठवते.